अँग्विला: वसाहत, देश की प्रदेश?

प्रश्न असा आहे: कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला या बेटाबद्दल मराठीत वाचताना एका ठिकाणी ‘ब्रिटिश वसाहत’ दिसतं, दुसरीकडे ‘चिमुकला देश’, तिसरीकडे ‘ब्रिटनचा केंद्रशासित प्रदेश’. यातलं बरोबर कोणतं? आणि तिथल्या गव्हर्नरला ‘राज्यपाल’, प्रीमियरला ‘पंतप्रधान’ म्हणावं का?

माझं उत्तर: ‘ब्रिटनचा सागरपार प्रदेश’ असं लिहावं, गव्हर्नरला गव्हर्नर आणि प्रीमियरला प्रीमियरच राहू द्यावं. कारणं मात्र सविस्तर सांगायला हवीत. यातला प्रत्येक शब्द मराठीत आपला स्वतःचा इतिहास घेऊन येतो आणि अँग्विलाचा इतिहास त्यातल्या बहुतेकांशी जुळत नाही.

आधी बेट. लीवर्ड बेटांच्या माळेत अगदी उत्तरेला, सेंट मार्टिनच्या वर, ९१ चौरस किलोमीटरची ही लांबट पट्टी आहे. लांबी सुमारे २६ किलोमीटर, रुंदी जेमतेम पाच. नाव ईल माशावरून पडलं असं सांगतात. कोकणात ज्याला वाम म्हणतात त्याच जातकुळीतला हा मासा, आणि नकाशा पाहिला की ते पटतं. जमीन प्रवाळ आणि चुनखडीची, सपाट. सर्वांत उंच टेकडीसुद्धा शंभर मीटरची नाही. नदी नाही, पाऊस कमी, मातीचा थर पातळ. राजधानीचं नाव ‘द व्हॅली’. लोकसंख्या १५ हजारांच्या आसपास, बहुतेक सगळे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज. भाषा इंग्रजी.

ही पातळ माती शब्दाच्या निवडीसाठी महत्त्वाची आहे. इंग्रज इथे १६५० मध्ये आले, पण बार्बाडोस किंवा सेंट किट्समध्ये उसाचे मळे जसे फोफावले तसे इथे फोफावले नाहीत. बड्या मळेवाल्यांना हे बेट परवडेना. गुलामगिरी संपल्यावर जमिनीचे तुकडे त्या लोकांच्याच हाती आले आणि मासेमारी, मिठागरं, होड्या बांधणं, हंगामी मजुरीसाठी दुसऱ्या बेटांवर जाणं यावर त्यांनी संसार उभे केले. शिडाच्या होड्यांची शर्यत आजही इथला राष्ट्रीय खेळ आहे. आपली जमीन आणि आपली होडी असलेल्या माणसांचं हे बेट. त्यांच्या राजकारणात जो ताठ कणा दिसतो त्याचं मूळ मला इथे वाटतं.

आता ‘वसाहत’. मराठीत हा शब्द दोन वाटांनी चालतो. औद्योगिक वसाहत, पोलिस वसाहत, कामगार वसाहत ही एक वाट, तिथे शब्दाला काहीच डाग नाही. दुसरी वाट राजकारणाची. १९२० च्या दशकात ‘वसाहतीचे स्वराज्य’ हा शब्दप्रयोग प्रत्येक सभेत होता. तेव्हा डोळ्यासमोर कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया असत, म्हणजे ब्रिटिशांनी वस्ती करून उभ्या केलेल्या वसाहती. पुढे ‘वसाहतवाद’ रूढ झाला आणि त्याबरोबर अर्थ पक्का झाला: परक्याने बळजबरीने धरून ठेवलेला मुलूख, जो तिथल्या लोकांना सोडवून घ्यायचा आहे. १९६७ पूर्वीच्या अँग्विलाबद्दल लिहिताना ‘वसाहत’ बिनदिक्कत वापरावं. १९६७ नंतर मात्र तो शब्द गोष्टच उलटी करून टाकतो.

त्या वर्षी काय झालं ते पाहा. प्रशासनाच्या सोयीसाठी लंडनने अँग्विलाला फार पूर्वीपासून सेंट किट्सच्या दावणीला बांधलं होतं. सेंट किट्स शंभरेक किलोमीटर दक्षिणेला, मधे दुसरी बेटं. रस्ते, वीज, नळाचं पाणी यांची अँग्विलात वानवा होती, आणि मिळणारा पैसा सेंट किट्समध्येच मुरतो अशी तिथल्या लोकांची जुनी तक्रार होती. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी ब्रिटनने सेंट किट्स, नेव्हिस आणि अँग्विला मिळून एक ‘सहयोगी राज्य’ केलं आणि अंतर्गत कारभार सेंट किट्सचे प्रीमियर रॉबर्ट ब्रॅडशॉ यांच्या सरकारकडे दिला. अँग्विलाच्या लोकांना हे मान्य नव्हतं. ३० मे १९६७ रोजी त्यांनी सेंट किट्सच्या पोलिसांना बेटावरून घालवून दिलं. ११ जुलैला सार्वमत घेतलं: वेगळं होण्याच्या बाजूने १,८१३ मतं, विरोधात ५. फेब्रुवारी १९६९ मध्ये पुन्हा सार्वमत, १,७३९ विरुद्ध ४, आणि प्रजासत्ताकाची घोषणा. मार्चमध्ये बोलणी करायला आलेले ब्रिटिश मंत्री विल्यम व्हिटलॉक यांना बेट सोडून जावं लागलं. १९ मार्च १९६९ रोजी ब्रिटिश छत्रीधारी सैनिक आणि लंडनचे पोलिस बेटावर उतरले. कुणाचा जीव गेला नाही. अँग्विलाकरांना शेवटी हवं होतं तेच घडत गेलं: सेंट किट्सऐवजी थेट ब्रिटनच्या देखरेखीखाली त्यांचा स्वतंत्र कारभार सुरू झाला. १९ डिसेंबर १९८० रोजी ही फारकत कायदेशीररीत्या पूर्ण झाली. सेंट किट्स आणि नेव्हिस १९८३ मध्ये स्वतंत्र देश झाले, अँग्विला त्यांच्याबरोबर गेलं नाही.

मराठी वाचकाला, विशेषतः गोव्यातल्या, ही भावना समजावून सांगावी लागणार नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी, म्हणजे अँग्विलाच्या उठावाच्या साडेचार महिने आधी, गोव्यात मतदान झालं ते महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं या प्रश्नावर. १,७२,१९१ मतं वेगळं राहण्याला, १,३८,१७० विलीनीकरणाला. मोठ्या शेजाऱ्यात मिसळण्यापेक्षा दूरच्या केंद्राशी थेट नातं बरं, हा विचार दोन्हीकडे दिसतो. योगायोग असा की पुढे १९८७ मध्ये गोवा घटक राज्य झालं तेही ३० मे रोजीच, आणि अँग्विलाचा मोठा सण ‘अँग्विला दिन’ हाही ३० मेचाच. शब्दांच्या दृष्टीने एक फरक ठेवावा: गोव्याच्या मतदानाला ‘जनमत कौल’ हेच नाव रूढ आहे, अँग्विलाच्या दोन्ही मतदानांना ‘सार्वमत’ म्हणावं.

गोव्याचं उदाहरण मनात असल्यामुळेच कुणीतरी ‘केंद्रशासित प्रदेश’ लिहिलं असावं. ते मात्र चूक आहे. केंद्रशासित प्रदेश हा भारताचा भाग असतो आणि तिथून लोकसभेवर खासदार निवडून जातो. अँग्विला ब्रिटनच्या सार्वभौमत्वाखाली आहे, पण ब्रिटनचा, म्हणजे ‘युनायटेड किंग्डम’चा, भाग नाही. लंडनच्या संसदेत तिथून कुणी निवडून जात नाही. ब्रिटनचा प्राप्तिकर तिथे लागू नाही. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, जो आठ बेटसरकारांचा सामाईक आहे. न्यायालय पूर्व कॅरिबियनचं, अंतिम अपील मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे.

याच कारणाने ‘प्रांत’ही टाळावा. १९५१ मध्ये पोर्तुगालने राज्यघटनेत बदल करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली, गोव्यालाही. हेतू उघड होता: प्रांत म्हटलं की तो पोर्तुगालचाच अवयव ठरतो आणि सोडून देण्याचा प्रश्न उरत नाही. ब्रिटनने अँग्विलाबद्दल असा दावा केलेला नाही. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक आणि ग्वादलूपला ‘फ्रान्सचे सागरपार प्रांत’ म्हटलं तर ते शोभतं, कारण ती बेटं खरोखरच फ्रान्सचा भाग आहेत आणि तिथून पॅरिसच्या संसदेत प्रतिनिधी जातात.

मग ‘सागरपार प्रदेश’ कुठून आला? ब्रिटिश कायद्यातल्या नावाचाच हा मराठी अवतार. १९८३ पासून अशा बेटांना कायद्यात ‘अवलंबी प्रदेश’ या अर्थाचं नाव होतं. दुसऱ्याच्या जिवावर जगणारे अशी त्यात छटा होती आणि ती बेटवासीयांना खटकत असे. २००२ च्या कायद्याने नाव बदलून ‘सागरपार’ केलं आणि तिथल्या लोकांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्वही दिलं. अशा प्रदेशांची संख्या आज १४ आहे. कॅरिबियनमध्ये अँग्विलाखेरीज मॉन्टसेरात, ब्रिटिश व्हर्जिन बेटं, केमन बेटं आणि टर्क्स व कैकोस. ‘परदेशस्थ प्रदेश’ हा पर्याय मला नको वाटतो, कारण परदेश म्हणजे दुसऱ्याचा देश. ‘मांडलिक’ म्हटलं की स्वतःचा राजा आणि खंडणी आली. ‘संस्थान’चंही तसंच. ‘सागरपार’ थोडा पुस्तकी आहे खरा, पण नेमका आहे.

‘देश’ लिहिणाऱ्यांची बाजूही समजून घेऊ. अँग्विलाचा स्वतःचा झेंडा आहे, त्यावर तीन नारिंगी डॉल्फिन आहेत. इंटरनेटवर ‘डॉट एआय’ हे अक्षरयुग्म त्यांच्या वाट्याला आलं, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत जगभरच्या कंपन्यांनी त्या नावांची इतकी नोंदणी केली की २०२३ मध्ये सरकारच्या महसुलाचा पाचवा हिस्सा त्यातून आला. पण अशी अक्षरं देशांप्रमाणे प्रदेशांनाही मिळतात, त्यावरून देशत्व ठरत नाही. खेळातलं चित्र तर फारच बोलकं आहे. राष्ट्रकुल स्पर्धेत अँग्विलाचा स्वतंत्र संघ उतरतो. ऑलिम्पिकमध्ये तो नसतो, म्हणून अँग्विलात जन्मलेला धावपटू झार्नेल ह्यूज ब्रिटनकडून धावतो आणि १०० मीटरचा ब्रिटिश विक्रम त्याच्या नावावर आहे. क्रिकेटमध्ये तिसरंच: अँग्विलाचा ओमारी बँक्स वेस्ट इंडीजकडून खेळला. २००३ मध्ये अँटिग्वाला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१८ धावांचं लक्ष्य वेस्ट इंडीजने गाठलं, तेव्हा नाबाद ४७ करून उभा होता तो हाच.

समोरच्या बेटावर नजर टाकली की ‘देश’ शब्दाची पंचाईत आणखी कळते. ब्लोइंग पॉइंटच्या धक्क्यावरून फेरीबोट अर्ध्या तासाच्या आत सेंट मार्टिनच्या फ्रेंच भागात पोचते. तो फ्रान्सचा भाग. त्याच बेटाचा दक्षिण अर्धा, सिंट मार्टेन, १० ऑक्टोबर २०१० पासून नेदरलँड्सच्या राजसत्तेतला अधिकृत ‘देश’ आहे, आणि तरीही सार्वभौम नाही. त्याला ‘घटक देश’ म्हणणं ठीक. अँग्विलाला कायद्याने तेही नाव नाही. म्हणून प्रवासवर्णनात ओघाने ‘देश’ आला तर मी हरकत घेणार नाही, पण बातमीत किंवा पाठ्यपुस्तकात तो नको.

गव्हर्नर आणि प्रीमियर यांचं कोडं सोडवायला आपलीच जुनी परिभाषा मदतीला येते. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली तेव्हा खात्यांची ‘राखीव’ आणि ‘सोपीव’ अशी वाटणी झाली होती: सोपीव खाती मंत्र्यांकडे, राखीव गव्हर्नरकडे. अँग्विलाची व्यवस्था याच शब्दांत सर्वांत चांगली सांगता येते. शिक्षण, आरोग्य, अर्थकारण, पर्यटन वगैरे प्रीमियर आणि त्यांच्या मंत्र्यांकडे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, पोलिसांसह अंतर्गत सुरक्षा आणि सरकारी नोकरवर्ग हे राखीव, गव्हर्नरकडे. गव्हर्नरची नेमणूक ब्रिटनचा राजा ब्रिटिश सरकारच्या सल्ल्याने करतो. ‘राज्यपाल’ म्हटलं की आपल्याला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणारा घटनात्मक प्रमुख आठवतो. सागरपार प्रदेशाचा गव्हर्नर त्याहून बराच प्रबळ असतो. टर्क्स व कैकोसमध्ये भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर २००९ मध्ये लंडनने मंत्रिमंडळ आणि विधानसभा स्थगित केली, आणि २०१२ पर्यंत गव्हर्नरनेच कारभार पाहिला. तेव्हा ‘गव्हर्नर’च बरा. मुंबई इलाख्याच्या इतिहासामुळे तो शब्द आपल्याला परका नाही.

प्रीमियरचं पद अँग्विलात २०१९ पर्यंत ‘चीफ मिनिस्टर’ होतं. त्यामुळे १९६७ च्या लढ्याचे नेते रोनाल्ड वेबस्टर किंवा त्यांच्यानंतरचे एमिल गम्ब्स यांना ‘मुख्यमंत्री’ लिहावं, ते अगदी चोख आहे. २०१९ च्या घटनादुरुस्तीने नाव बदललं, तसंच विधानसभेत निवडून येणारे सदस्य ११ झाले: सात मतदारसंघांतून आणि चार संपूर्ण बेटातून. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीनंतर कोरा रिचर्डसन-हॉज या पहिल्या महिला प्रीमियर झाल्या. ‘पंतप्रधान’ टाळावं, कारण आज मराठीत तो शब्द सार्वभौम देशाच्या सरकारप्रमुखासाठीच उरला आहे. बाळ गंगाधर खेर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे सरकारप्रमुख झाले तेव्हा त्यांच्या पदालाही इंग्रजीत ‘प्रीमियर’ म्हणत, आणि वर राखीव अधिकार असलेला गव्हर्नर होताच.

प्रश्नात नसलेली एक गोष्ट जाता जाता: वर मी ‘अँग्विलाकर’ लिहिलं ते जाणूनबुजून. ‘अँग्विलन’ मराठी वाक्यात विभक्ती घेताना अडखळतं, ‘अँग्विलनांनी’ वाचून पाहा. लंडनकर, दुबईकर आपण सहज म्हणतो, तिथे अँग्विलाकरांना जागा आहे. विशेषण हवं तिथे ‘अँग्विलाचा’, ‘अँग्विलातला’ पुरतं. आणि लिहिताना ‘अंगुइला’ किंवा ‘अँगुला’ न करता ‘अँग्विला’च करावं. तिथले लोक तसंच म्हणतात.