मनगटावरचा ऊद

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. वय ५३, बँकेत नोकरी. लेक जर्मनीत असते. दिवाळीला आली तेव्हा माझ्यासाठी परफ्यूमची बाटली घेऊन आली. खोक्यावर दालचिनी, वेलदोडा, मिरी, अंबर असं काय काय लिहिलंय. पहिल्याच दिवशी लावून बँकेत गेले, तर शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "आज काय चटणी कांडून आलीस व्हय?" घरी आले तर ८१ वर्षांच्या सासूबाई म्हणाल्या, "घरात कोण बाळंतीण आहे? उदाचा वास येतोय." तेव्हापासून बाटली कपाटात आहे. लेक फोनवर विचारते, लावतेस ना? मी हो म्हणते. खरं सांगायचं तर त्या रात्री पदराला जो वास उरला होता, तो मला फार आवडला होता. या वयात असलं काही लावावं का? आणि अंबर म्हणजे ती व्हेल माशाची उलटी असते म्हणे. ती बाळगली तर पोलीस धरतात. मग बाटली घरात ठेवलेली चालते का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, आधी पोलिसांचं मिटवू, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. तुम्ही म्हणता तो पदार्थ स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे, म्हणून आपल्याकडे तो पदार्थ बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे. पेपरात धरपकडीच्या बातम्या येतात त्या याच्याच. अरबी भाषेत अंबर म्हणजे मुळात तो. पुढं युरोपात जुन्या झाडांच्या दगड झालेल्या पिवळ्या राळेलाही तेच नाव चिकटलं, आणि शेवटी सुगंधांच्या एका अख्ख्या घराण्याला. तुमच्या खोक्यावरचा अंबर हा तिसरा. कांदा-लसूण मसाला नावाचं जसं झाड नसतं, तसा हा अंबरही कुठल्या एका झाडावर येत नाही. तो जुळवलेला मसाला आहे. बाटली खुशाल घरात ठेवा.

या मसाल्यात मुख्य जिन्नस तीन. पहिला लॅबडॅनम. भूमध्य समुद्राच्या काठी सिस्टस नावाची झुडपं उगवतात, त्यांच्या पानांवरचा हा चिकट डिंक. क्रीट बेटावर पूर्वी बकऱ्या त्या झुडपांतून चरून आल्या की त्यांच्या दाढीला लागलेला डिंक विंचरून काढत. मी तो पहिल्यांदा हुंगला तेव्हा मला वाटलं, पापाच्या तिकटीला चपलांच्या दुकानात उभी आहे आणि कुणीतरी शेजारी गरम काकवीची घागर आणून ठेवली आहे. कातडं आणि गूळ, दोन्ही एका श्वासात. आपल्या गावाला हा वास परका वाटायचं कारणच नाही.

दुसरा जिन्नस व्हॅनिला. त्याचा मुख्य रेणू व्हॅनिलिन १८७४ साली जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाला आणि त्यानंतर ही गोड, उबदार जुळणी अत्तरवाल्यांच्या आवाक्यात आली. १९२५ साली पॅरिसच्या गेर्लां कंपनीनं याच घराण्यातलं एक परफ्यूम काढलं आणि त्याला नाव दिलं 'शालिमार', मोगलांच्या बागेवरून.

आणि तिसरा जिन्नस ऊद. ताई, तुमच्या सासूबाईंचं नाक अगदी बरोबर आहे.

इथं एक घोळ होतो तो सांगते. हल्ली परफ्यूमच्या खोक्यावर 'ऊद' म्हणून जे लिहितात ते बहुतेक वेळा अगरूचं लाकूड असतं, तो अरबीतला ऊद. आपण मराठी माणसं निखाऱ्यावर घालतो तो ऊद म्हणजे सुमात्राकडच्या झाडांच्या सालीला खाचा पाडून काढलेली राळ. तुमच्या बाटलीतल्या अंबरात आहे ती हीच.

माझ्या वडिलांचं महाद्वार रोडजवळच्या एका बोळात पूजासाहित्याचं छोटं दुकान होतं. बुक्का, अष्टगंध, कापूर, उदबत्त्या, आणि एका पत्र्याच्या डब्यात ऊद. तो फोडायचं काम माझ्याकडे असायचं. तपकिरी ढेकूळ, आत पांढुरके दाणे, हुबेहूब बदाम घातलेली चिक्की. जिभेला लावून बघायचा मोह व्हायचा. संध्याकाळी वडील धुपाटण्यात निखारा घेऊन त्यावर खडा ठेवायचे. खडा आधी कडेनं ओला दिसायचा, मग मऊ पडून बुडबुडे यायचे आणि एकदम पांढरा धूर. तो पहिला धूर नाकाला झोंबायचा, डोळ्यांत पाणी आणायचा. मी मागे सरले की वडील म्हणायचे, "थांब जरा, आत्ताच कुठं बोलायला लागलाय." पाचेक मिनिटांनी धूर विरळ व्हायचा आणि दुकानात मऊ, दुधाळ, गोड वास बसायचा. तो रात्री फळ्या लावेपर्यंत हलायचा नाही.

पुढं धाकट्या भावाच्या वेळी आईच्या खोलीत शेगडीवर ओवा, वावडिंग आणि ऊद पडायचा आणि वर उलट्या पाटीवर बाळाची दुपटी वाळायची. (आता डॉक्टर तान्ह्या बाळाला धुरी देऊ नका म्हणतात, ते ऐकावं.) सासूबाईंना त्या रात्री तुमच्या पदरातून हीच खोली आठवली असणार.

आता मैत्रिणीचं. तुम्ही बहुधा घरातून निघताना फवारा मारला आणि वीस मिनिटांत टेबलाशी बसलात. मसालेदार अंबराची ही अगदी झोंबरी घटका. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं सांगते. हलके रेणू लवकर उडतात, जड मागे राहतात. आधी अल्कोहोल जातं, मग मिरी आणि वेलदोडा. त्यामागून दालचिनी-लवंग. लवंगेतला युजेनॉल आणि दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड हे बाटलीत आणि तुमच्या मिसळणाच्या डब्यात तेच असतात, तेव्हा मैत्रिणीला स्वयंपाकघर आठवलं यात तिची चूक नाही. पण चटणीचा जीव मिरची आणि कांदा-लसणात असतो, आणि त्यातलं इथं काहीच नाही. तिनं धुपाटण्याचा पहिला धूर हुंगला आणि निकाल दिला. पदराला रात्री उरलेलं ते खरं परफ्यूम, आणि ते तुम्हाला आवडलं होतं.

माझ्याकडे अशीच एक बाटली आहे, भाचीनं दिलेली. तुमचं पत्र आल्यावर मुद्दाम घड्याळ समोर ठेवून पहाटे सहाला मनगटावर एक फवारा मारला. दहा मिनिटं मिरीचा ठसका. साडेसहाला चहा ठेवला तेव्हा चहाच्या मसाल्याचा डबा आधी उघडला की मनगट, ते मलाच कळेना. भाकरी करताना हाताला ऊब लागली आणि आठच्या सुमाराला दालचिनीच्या खालून गोडवा वर आला, गुऱ्हाळात काहिलीतला रस दाटायला लागतो तेव्हा येतो तसा, किंचित जळका. दुपारी बाहीआड फक्त कातडं, ऊद आणि व्हॅनिला. रात्री दिवा मालवून कुशीवर वळले आणि उशीजवळ हात आला, तेव्हा मला वडिलांच्या सदऱ्याचा वास आला. मी बराच वेळ हात तसाच ठेवला.

म्हणून ताई, लावा. पण वेळ बदला. आंघोळीनंतर अंग कोरडं करून, मनगटाला खोबरेल तेलाचं बोट लावून त्यावर एकच फवारा, आणि दुसरा सुती ब्लाउजच्या आतून पाठीकडे. निघायच्या आधी तासभर तरी. बँकेत पोचाल तोवर मसाला बसलेला असेल. दोनाच्या वर जाऊ नका, कारण आपलं नाक स्वतःच्या वासाला लवकर सरावतं. आपल्याला येईनासा झाला म्हणून पुन्हा मारायचा नाही, शेजारच्याला तो येतच असतो. हे मी दुसऱ्याला त्रास देऊन शिकले. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात तीन-चार फवारे मारून गंगावेशीत केएमटीच्या बसमध्ये चढले. गर्दी, घाम, बंद खिडकी. शेजारी उभी असलेली पोटुशी पोरगी पांढरीफटक पडली. तिच्याबरोबर पुढच्याच थांब्याला उतरले, पाणी पाजलं, सावलीत बसवलं. ती बिचारी मलाच सॉरी म्हणत होती. तेव्हापासून मार्च ते मे हे परफ्यूम मी बाहेर लावत नाही. याचे खरे दिवस दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत. पावसाळ्यात घरातल्या शालीला थोडंसं, बाहेर झड लागलेली असताना, मला फार आवडतं. लोकर हा वास किती दिवस धरून ठेवते ते बघाच.

रेशमी साडीवर मारू नका, डाग पडतो. मोत्यांची माळ वास सुकल्यावर घाला, मोत्याची चमक परफ्यूमनं जाते. देवापुढं समई तेवत असताना किंवा गॅसजवळ फवारा कधीही नको, त्यात बहुतेक भाग अल्कोहोलचा असतो आणि ते पेट घेतं. दालचिनी-लवंगेचे हे रेणू काहींच्या कातडीला सोसत नाहीत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट बघा. बाटली कपाटात ठेवलीत ते उत्तमच झालं, ऊन आणि बाथरूमची वाफ दोन्ही तिला वाईट.

वयाचं विचारलंत. हा वास ज्यांनी उदाची संध्याकाळ जगली आहे त्यांच्या अंगावर जास्त शोभतो, असं माझं ठाम मत आहे. लेकीनं ओळखून आणलंय.

आणि एक काम करा. रविवारी सकाळी लावा आणि दुपारी जेवणं झाल्यावर मनगट सासूबाईंच्या पुढं धरा. त्यांना विचारा, कुणाच्या बाळंतपणातला ऊद आठवला. त्यांनी मागितलं तर त्यांच्या शालीच्या टोकाला एक फवारा मारा. मग लेकीला फोन लावा.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे, तालमीत जातो. घर माळकरी, त्यामुळं अल्कोहोल असलेला परफ्यूम आजोबांना चालत नाही. थंडीत लावायला मसालेदार, उबदार वासाचं अत्तर असतं का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : असतं, आणि फार देखणं असतं. 'शमामा' मागा. उत्तर प्रदेशातल्या कनौजला तांब्याच्या डेगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, मसाले आणि मुळ्या पाण्यात उकळून त्याची वाफ भपक्यातल्या, म्हणजे वाफ गोळा करायच्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरवतात, अल्कोहोलचा संबंधच येत नाही. लवंग, जायफळ, जायपत्री, वेलदोडा, जटामांसी, नागरमोथा, आणि त्यात दगडफूलही असतं, तुमच्या आईच्या चटणीतलंच. पूर्वापार हे थंडीचंच अत्तर. चंदनतेल महाग झाल्यापासून स्वस्त मालात खनिज तेल घालतात, म्हणून घेताना नेमकं कशात उतरवलंय ते विचारा. अगदी कमी किमतीत अस्सल चंदनातला शमामा मिळणार नाही. तोळाभर घेण्यापेक्षा चांगला मासाभर घ्या, वर्ष जाईल. आगकाडीच्या टोकाएवढं कानामागं, किंवा कापसाचा फाया करून कानाच्या पाळीत, जसं आजोबांनी लग्नात केलं असेल.

तालमीत जाताना मात्र लावू नका. हौद्यातल्या तांबड्या मातीत हळद, ताक, लिंबू, कापूर, तेल असं सगळं मुरलेलं असतं, आणि जोडीदाराला तुमच्या मानेत नाक खुपसून लढायचं असतं. मेहनत झाली, आंघोळ झाली, की मग लावा.