फुफ्फुस प्रत्यारोपणासाठी नाव कधी नोंदवावे?

प्रश्न : माझ्या आईचे वय ५७ वर्षे असून चार वर्षांपासून तिला फुफ्फुसांचा फायब्रोसिस आहे. दिवाळीपासून घरात ऑक्सिजनचे यंत्र आणावे लागले. न्हाणीघरापर्यंत जाऊन येतानाही तिला धाप लागते. डॉक्टरांनी प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवायला सुचवले आहे, पण आई म्हणते, 'अजून तेवढी वेळ आलेली नाही.' मी माझ्या फुफ्फुसाचा भाग तिला देऊ शकते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : 'अजून वेळ आलेली नाही' हे वाक्य आम्ही दवाखान्यात नेहमी ऐकतो, आणि नेमका तिथेच वेळ हातचा जातो. या आजारात फुफ्फुस वाळलेल्या दोडक्यासारखे राठ होत जाते. पिरफेनिडोन, निंटेडानिब ही औषधे ती घसरण मंदावतात, राठ झालेला भाग मात्र पुन्हा मऊ होत नाही. नाव नोंदवले म्हणजे शस्त्रक्रिया ठरली, असे नव्हे. आधी हृदय, मूत्रपिंडे, अन्ननलिका, अगदी दातसुद्धा तपासले जातात, सहा मिनिटांत किती चालवते ते मोजतात. आणि रुग्ण अंथरुणाला खिळून मांड्यांचे स्नायू गळाल्यावर ही शस्त्रक्रिया त्याला पेलत नाही. म्हणून आई स्वतःच्या पायांनी चालते आहे तोवरच तपासण्या उरकाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमची इच्छा मोलाची आहे. पण प्रौढ रुग्णासाठी साधारणपणे दोन निरोगी दात्यांची छाती उघडून प्रत्येकाच्या फुफ्फुसाचा एकेक खंड काढावा लागतो. जपानमध्ये अशा शस्त्रक्रिया झाल्या आहेत. आपल्याकडे मात्र मेंदूमृत दात्याच्याच फुफ्फुसांची वाट पाहावी लागते. रक्तगट जुळावा लागतो, तसाच छातीचा आकारही; धिप्पाड दात्याची फुफ्फुसे ठेंगण्या बाईच्या छातीत मावत नाहीत. शिवाय व्हेंटिलेटरवरच्या दात्याच्या फुफ्फुसांत बऱ्याचदा जंतुसंसर्ग झालेला असतो, त्यामुळे मूत्रपिंडे मिळाली तरी फुफ्फुसे मिळतीलच असे नसते.

शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य सोपे नसते, हे आईला आधीच सांगा. मूत्रपिंड शरीरात झाकलेले राहते, फुफ्फुस मात्र प्रत्येक श्वासाबरोबर बाहेरची धूळ आणि बुरशी आत घेते, आणि त्याच वेळी टॅक्रोलिमससारख्या औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. गोळ्या जन्मभर आणि ठरलेल्या वेळीच घ्याव्या लागतात. पपनस खाल्ल्यास रक्तातील औषधाचे प्रमाण वाढू शकते, म्हणून ते वर्ज्य. कुंड्यांतली माती उकरणे आणि गच्चीवर कबुतरांना दाणे टाकणेही बंद करावे लागेल. १९६३ साली मिसिसिपीत झालेल्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर रुग्ण १८ दिवस जगला होता. आज जगभरच्या नोंदींनुसार सुमारे निम्मे रुग्ण सहा वर्षांनंतरही हयात असतात.

नावनोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत विभागीय समन्वय केंद्राकडे होते. साताऱ्याहून पुणे किंवा मुंबई गाठावी लागेल. जाताना सीटी स्कॅनच्या जुन्या फिल्म सोबत न्या. आजार किती वेगाने वाढला, हे त्यांवरूनच कळते.