पाच-सहा वर्षांच्या मुलांसोबत घरातल्याच वस्तूंपासून पक्षी कसा बनवता येईल?

सुगरण करा, खोप्यासकट. छोट्या फुग्यावर रद्दीचे तुकडे मैद्याच्या खळीने दोन थर चिकटवा, वरून नारळाच्या शेंडीचे धागे. दिवसभर वाळलं की फुगा फोडा (कोण फोडणार यावरून आमच्याकडे भांडणं होतात). तळाशी भोक कापून कागदाची नळी जोडा, खऱ्या खोप्याचं दारही खालीच असतं. कात्री तुमच्या हातात.

पक्ष्यासाठी पेपरचा बोळा दोऱ्याने आवळायचा, पंख-चोच जुन्या लग्नपत्रिकेची, डोळ्यांना मोहरी. डोकं हळदीने रंगवा: खोपा नर विणतो आणि विणीच्या हंगामात त्याचंच डोकं पिवळंधमक होतं. विकतच्या डिंकापेक्षा खळच बरी, बोटं तोंडात जातातच.