जुन्या पिकअपला मोठे इंजिन : आधी ब्रेक, मग ताकद

प्रश्न : माझ्याकडे १९७० सालची शेवरले सी-१० पिकअप आहे. तिला ४.१ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले इंजिन, तीन गिअरचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. माल भरला की चढावर गाडी दम टाकते. १९८७ च्या एका पिकअपमधील ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन चांगल्या स्थितीत मिळत आहे. ते बसेल का, आणि बसवावे का?

उत्तर : बसेल. या दोन्ही इंजिनांच्या मागच्या बाजूचा, म्हणजे बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारे घंटेच्या आकाराचे आवरण) जिथे जोडले जाते तिथला, बोल्टांचा नमुना एकच आहे, आणि म्हणूनच हा बदल इतका सोपा वाटतो. प्रत्यक्षात अडचण बेलहाउसिंगच्या आत सुरू होते. १९८६ पासून या व्ही-८ इंजिनांच्या क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनातील मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे सील अखंड झाले आणि त्याबरोबर फ्लायव्हील (त्या दांड्याच्या टोकावरची जड दातेरी चकती) जोडण्याच्या बोल्टांचे वर्तुळही लहान झाले, त्यामुळे तुमचे सध्याचे फ्लायव्हील त्यावर लागणार नाही. इतकेच नव्हे, तर १९८६ पासूनच्या ५.७ लिटर इंजिनाचा तोल राखण्यासाठी लागणारे वजन फ्लायव्हीलवरच असते. म्हणून फ्लायव्हील त्याच पिढीचे घ्यावे. ते १५३ दातांचे की १६८ दातांचे, हेही आधीच ठरवावे, कारण मोठे फ्लायव्हील लहान बेलहाउसिंगमध्ये मावत नाही आणि स्टार्टरही दातांच्या संख्येप्रमाणे बदलतो. इंजिनाचे माउंट व्ही-८ चे लागतील. रेडिएटरही मोठा लागेल, त्यात काटकसर करू नये.

पुढचा प्रश्न इंधनाचा. १९८७ च्या इंजिनावर थ्रॉटल बॉडीतून इंधन फवारणारी यंत्रणा असते. ती ठेवायची तर साधारण ९ ते १३ पीएसआय दाब देणारा विजेचा पंप, टाकीकडे परतणारी इंधनाची नळी, संगणक आणि त्याची संपूर्ण वायरिंग लागते. तुमच्या गाडीत इंधनाची टाकी केबिनमध्ये, बसण्याच्या आसनामागे आहे. तिथे दाबाखालच्या नळ्यांचे नवे सांधे तयार करणे मला मुळीच पसंत नाही. जो सांधा पाझरेल, तो चालकाच्या पाठीमागे पाझरेल. हे काम करायचेच असेल तर टाकी आधी चासीखाली हलवावी. कार्ब्युरेटरवर यायचे ठरवले, तर इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा-इंधनाचे मिश्रण नेणारा भाग) १९८७ पासूनच्या सिलिंडर हेडसाठी बनवलेलाच घ्यावा, कारण त्या हेडवरील मधल्या बोल्टांचा कोन जुन्यापेक्षा वेगळा आहे. संगणकावर चालणारा डिस्ट्रिब्युटरही (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणारा भाग) काढावा लागेल. त्याच्या जागी संगणकाविना चालणारा जुन्या पद्धतीचा एचईआय (जास्त ताकदीची ठिणगी देणारा) डिस्ट्रिब्युटर बसवताना त्याला पूर्ण १२ व्होल्टची नवी तार द्यावी. तुमच्या १९७० च्या गाडीतील कॉइलकडे जाणारी तार मुद्दाम व्होल्टेज कमी करणारी असते. तीच जोडली तर इंजिन सुरू होईल, पण भार पडताच अडखळेल, आणि दोष भलतीकडे शोधला जाईल.

आता ज्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, त्याविषयी. माल भरलेली पिकअप उतारावर चारही ड्रमवर थांबवणे सध्याच्या इंजिनावरही जिकिरीचे आहे. अधिक वेगाने धावणाऱ्या आणि पुढे अधिक जड झालेल्या गाडीत ते धोक्याचे होईल. याच मालिकेतील गाड्यांना १९७१ पासून पुढे डिस्क ब्रेक आले. त्या वर्षाची किंवा १९७२ ची पुढची जोडणी क्रॉसमेंबरसकट (चासीच्या आडव्या तुळईसकट) मिळाली तर काम नीट होते, मात्र मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) डिस्क आणि ड्रम दोन्हींना चालणारे लागेल. तुमच्या चाकांना सहा बोल्ट आहेत, तर १९७१ पासूनच्या चाकांना पाच. पुढे-मागे वेगळी चाके राहिली, तर एक सुटे चाक दोन्हीकडे चालणार नाही. हा खर्च इंजिनाच्या आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय इंजिन कितीही मोठे केले, तरी मालाची मर्यादा चासी, ॲक्सल आणि स्प्रिंगच ठरवतात. ती वाढत नाही.

इंजिन विकत घेण्यापूर्वी मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर मोजावे, म्हणजे दोन्ही चाकांच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे) किती फेरे होतात ते पाहावे. पुढच्या चाकांना अडण्या लावून, मागचे एक चाक जमिनीवर ठेवून दुसरे जॅकने उचलावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे (दुसरे चाक स्थिर असल्याने हे दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याइतके) फिरवून प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावेत. तीनपेक्षा किंचित अधिक फेरे आले तर गुणोत्तर ३.०७ असण्याची शक्यता आहे, आणि त्या जागी ३.७३ चे गिअर बसवल्यास चाकांवरची ओढ प्रत्येक गिअरमध्ये सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगाला इंजिन तितकेच जास्त फिरेल आणि इंधनही थोडे अधिक लागेल, पण तुमची तक्रार चढावरची असल्याने हा सौदा परवडणारा आहे. फेरे पावणेचारच्या आसपास आले, तर तिथे फारसे मिळवण्यासारखे उरलेले नाही. मग डिस्क ब्रेक बसवून व्ही-८ कडे वळावे.