धर्मामुळे गर्भपात, गर्भनिरोधकांचे कायदे खरंच बदलतात का?

हो, आणि यासाठी आयर्लंड बघा, बाकी थिअरी नंतर. तिथे 1935 पासून निरोध वगैरे विकायलाच बंदी होती, चर्चचा वचकच तसा. 1971 मध्ये काही बायका गर्भनिरोधक आणायला डब्लिनहून ट्रेनने उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेल्या (तिकडे ब्रिटिश कायदा ना), पण गोळ्यांना प्रिस्क्रिप्शन लागतं हे तिथे गेल्यावर कळलं, मग काय, अ‍ॅस्पिरिन घेतल्या आणि परत येताना कस्टमवाल्यांसमोर त्याच गर्भनिरोधक म्हणून नाचवल्या! 1979 ला कायदा आला पण निरोधलासुद्धा डॉक्टरची चिठ्ठी, ती अट 1985 ला गेली.

गर्भपाताचं प्रकरण जास्त वाईट. 1983 ला घटनेतच आठवी दुरुस्ती, आईच्या आणि पोटातल्या जिवाचा हक्क सारखाच. 2012 मध्ये आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार, वय 31, डेंटिस्ट, गॉलवेला हॉस्पिटलमध्ये, 17 आठवड्यांची गरोदर, गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांनाही माहीत होतं, ती स्वतः गर्भपात करा म्हणत होती पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार, आणि सेप्सिसने (जंतुसंसर्ग अंगभर भिनून) गेली. हा कॅथलिक देश आहे असं आपण तिला बोललो होतो हे तिथल्या मिडवाइफने चौकशीत मान्य केलं. अहो, बाई हिंदू होती, तिला काय त्याचं! 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के लोकांनी ती दुरुस्ती काढून टाकली, आणि मत देणारे बहुतेक कॅथलिकच होते बरं का.