मावा औषधाला दाद का देत नाही?

प्रश्न : पूर्वी एका फवारणीत मावा आटोक्यात येत असे, आता तेच औषध तीनदा फवारूनही आठवडाभरात मावा पुन्हा दिसतो. किडीला औषधाची सवय झाली आहे का? मात्रा वाढवावी का? पानांवर नारिंगी ठिपक्यांच्या काळ्या अळ्याही फिरतात. त्यांच्यासाठी कोणते औषध घ्यावे?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेथे घाई झाली तर नुकसान होईल. वर्णनावरून त्या ढालकिड्याच्या (लेडीबर्ड बीटलच्या) अळ्या दिसतात आणि त्या माव्यावरच जगतात. भिंग घेऊन पाच मिनिटे पाहावे. अळी मावा धरून खाताना दिसेल आणि पान मात्र शाबूत असेल. (पाने खरवडणारा हड्डा भुंगेरा याच कुळातला असला तरी त्याच्या अळ्या पिवळट व काटेरी असतात.) या काळ्या अळ्यांवर काहीही फवारू नये.

आता सवयीविषयी. एखादा मावा औषध सोसत सोसत सरावत नाही. शेतातील असंख्य माव्यांमध्ये मोजकेच असे असतात, की ज्यांच्या शरीरात औषधाचे विघटन करणारी विकरे (एन्झाइम) जन्मतःच जास्त तयार होतात. फवारणीत इतर मरतात, हे वाचतात आणि मोकळे झालेले पीक त्यांच्याच वाट्याला येते. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले देते व उबदार हवेत ती पिल्ले आठ-दहा दिवसांत स्वतः प्रसवू लागतात, त्यामुळे वाचलेल्या एका मादीचा गुण पुढच्या सगळ्या पिल्लांत जसाच्या तसा उतरतो. हे नवे नाही. सॅन होजे खवले किडीवर गंधक-चुन्याचे द्रावण चालेनासे झाल्याचे कीटकशास्त्रज्ञ मेलँडर यांनी अमेरिकेत १९१४ मध्येच नोंदवले होते.

ढालकिड्याला मात्र अंड्यापासून प्रौढ होण्यास साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे व्यापक परिणामाच्या औषधाने दोघेही मेले, तर मावा आधी सावरतो आणि त्याला खाणारे कोणी उरलेले नसते. आपल्याला आठवडाभरात दिसणारा उद्रेक बऱ्याचदा यातूनच येतो. मात्रा वाढवल्याने औषध सोसणारेच मावे मागे उरण्याची ही निवड अधिक कडक होते, मित्रकीटक अधिक मरतात आणि मालात अवशेष वाढतात. म्हणून लेबलवरील मात्रा ओलांडू नये आणि निव्वळ व्यापारी नाव बदलून तेच औषध पुन्हा घेऊ नये. औषध बदलायचे तर घटक तपासून वेगळ्या क्रियापद्धतीच्या गटातील घ्यावे. प्रादुर्भाव कडेच्या ओळींत किंवा ठरावीक झाडांवर असेल तर तेवढ्यावरच फवारावे, कारण न फवारलेल्या भागात औषधाला बळी पडणारे मावेही टिकतात आणि मित्रकीटकांनाही आसरा मिळतो. नत्र बेताने द्यावे. लुसलुशीत पालवीवर मावा झपाट्याने वाढतो. शेंड्यांवर मुंग्यांची रांग दिसल्यास तिचाही बंदोबस्त करावा, कारण माव्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात.

पुढील फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वी पानांची खालची बाजू पाहावी. तेथे फुगीर, तपकिरी, कागदासारखे कोरडे झालेले आणि पाठीला गोल भोक पडलेले मावे आढळतील. त्यांच्या आत वाढलेली परोपजीवी गांधीलमाशी त्या भोकातून बाहेर पडलेली असते. असे मावे वाढत असतील तर फवारणी पुढे ढकलावी आणि तीन-चार दिवसांनी त्याच झाडांची पुन्हा पाहणी करावी.