काटिंगातली झाडं कोरड्या महिन्यांत मेलेली असतात का?

नाही, बहुतेक जिवंतच असतात. काटिंगा म्हणजे ईशान्य ब्राझीलमधलं कोरडं, काटेरी रान. तिथे बहुतेक पाऊस 3 ते 5 महिन्यांतच पडतो, तोही बेभरवशाचा. पानांतून पाणी उडून जातं, म्हणून झाडं पानंच टाकून देतात. फांदी नखाने खरवडली तर सालीखाली ओला हिरवा थर दिसतो. उंबू या तिथल्या झाडाची तर कमालच! त्याच्या मुळांवर फुगीर गाठी असतात आणि त्यांत पाणी नि अन्न साठवलेलं असतं. जुआझेरो हा बोरीचा भाऊबंद मात्र ऐन दुष्काळातही हिरवा राहतो, गुरांना सावली देतो. चांगला पाऊस झाला की काही दिवसांत सगळं रान पालवतं. अशी झाडं वाळकी समजून सरपणाला, कोळशाला तोडतात, ते माझ्या मनाला फार लागतं.